पद्मीचे वरचे सहा दात

थोरल्या घरची नियांग राई कुणाच्या दारात जात नसे, दारंच तिच्याकडे यायची. नियांग म्हणजे आजी, पण हिला सगळी वाडीच नियांग म्हणायची, हिच्याहून थोरले म्हातारेसुद्धा. म्हणून त्या सकाळी ती छत्री धरणारी बाई मागे टाकून सुकर्तीच्या दातांच्या दवाखान्यात शिरली, तेव्हा बाकावर गाल धरून बसलेले दोघं आपापला ठणका गिळून उठले आणि घरी गेले.

सुकर्तीनं रोग्याची लांब खुर्ची पुसली.

"त्याच्यावर नको," नियांग म्हणाली. "तिथं बसलं की तू माणसाला आडवं करतेस. मी उभी बरी."

"स्टूल देते."

"स्टुलावर तू बस." तिनं भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे पाहिलं, जसं कुणी परक्याच्या उघड्या संडासाकडे पाहावं. "माझ्या नातीच्या दातांना कानस लावायची नाही, असा निरोप तू पाठवलास म्हणे."

"हो, नियांग."

"कुणी विचारलं होतं तुला?"

"पद्मीनं. ती दाखवायला आली होती."

"वरचे सहा दात म्हणजे सहा रिपू. ते कानशीनं सारखे केल्याशिवाय सगळ्या बालीत मुलगी बोहल्यावर चढत नाही. माझ्या नातीला काय सुळे घेऊन उभी करू लग्नाला? कुत्री आहे का ती?"

"नुसती कानस टेकवा. मंत्र म्हणा नि उचला. हल्ली शहरात तसंच करतात."

"हल्ली शहरात आईबापांनाही नुसतं टेकवूनच ठेवतात."

सुकर्तीनं आवाज खाली ठेवला. नियांगसमोर आवाज खाली ठेवणं तिला दुधाबरोबरच पाजलेलं होतं. तिची आई जन्मभर थोरल्या घरात देवांचे नैवेद्य रचत आली, आणि सुकर्ती त्याच अंगणात रांगली. "दातांचं कवच पातळ झालंय, नियांग. आतल्या बाजूनं. कानस खरीखुरी चालवली तर नस उघडी पडेल."

"का झालं पातळ? माझं झालं नाही. तिच्या आईचं झालं नाही. आडात आहे ते पोहऱ्यात का येत नाही?"

"ते पद्मीला विचारा."

"विचारलं. ती म्हणते, मला काय ठाऊक. म्हणून तुझ्याकडे आले. आता तू सांग."

"रोग्याच्या तोंडातलं मी बाहेर सांगत नाही. तशी शपथ घेतलीय."

"कुठं?"

"कॉलेजात."

"कॉलेजात देऊळ होतं?"

सुकर्ती पुन्हा खुर्ची पुसू लागली.

"पोटुशी आहे का?" नियांगनं अगदी सहज विचारलं. "असली तर सांगून टाक, मी आनंदानं डुक्कर कापीन. भरल्या ओटीची सून कोण टाकतं? पण पोटुशीला कानस चालत नाही, मग आधी लग्न लावू, विधी बाळंतपणानंतर. मला तेवढं कळलं म्हणजे झालं."

आता इथं 'नाही' म्हणून सुटता आलं असतं. पण सुकर्तीला माहीत होतं, एका प्रश्नाला 'नाही' म्हटलं की दुसऱ्याला गप्प बसणं म्हणजे 'हो' म्हणणं. आणि नियांगकडे प्रश्नांची वाण नव्हती.

"आहे तेही सांगणार नाही, नाही तेही सांगणार नाही."

"बरं," नियांग म्हणाली. रागावलेली माणसं परवडतात. 'बरं' म्हणणाऱ्यांची भीती धरावी. "माझ्या घरात मला कळल्याशिवाय पान हलत नाही, पोरी. हे तुझ्या आईला विचार."

ती गेली. बाकावर कुणी परत आलं नाही.

पद्मी पहिल्यांदा आली होती ती थंड पाणी लागतं म्हणून. सुकर्तीनं छोटा आरसा वरच्या दातांच्या मागे धरला आणि तिचा हात थांबला. समोरून मोत्यासारखे दिसणारे दात आतून चघळलेल्या खडीसाखरेसारखे गुळगुळीत, अर्धपारदर्शक झाले होते. खालचे दात धडधाकट. असं एकाच गोष्टीनं होतं, पोटातलं आंबट पाणी पुन्हा पुन्हा वर आल्यानं.

"जेवल्यावर ओकतेस का गं?" तिनं विचारलं.

पोरीनं तोंड मिटलं आणि ती रडायला लागली. मग हळूहळू निघालं. थोरल्या घरात जेवायला बसलं की नियांग ताटाकडे बघत नसे, पद्मीच्या दंडाकडे बघे. "हिच्या सासरी पालखीला दोन भोई जास्त लागतील," असं म्हणे. "मापाचं कापड घेऊ नका, ताग्यानं घ्या," असं म्हणे. सगळे हसत, पद्मीही हसे. आणि मग घरच्या देवळामागं जाऊन घशात बोटं घाली. हे तिसरं वर्ष चालू होतं.

"आणि आमच्याकडे आधी पितरांपुढे ठेवल्याशिवाय कुणी घास घेत नाही, डॉक," पद्मी म्हणाली. "म्हणजे मी प्रसाद ओकते. देवळाच्याच मागे. नियांगला कळलं तर ती मला घरातून काढणार नाही. ठेवून घेईल. ते जास्त वाईट."

"या खुर्चीतलं या खुर्चीत राहील," सुकर्ती म्हणाली.

तेवढ्यावर ती थांबली नाही. शहरातल्या एका डॉक्टरणीशी तिनं पद्मीची गाठ घालून दिली. ओकल्यावर लगेच दात घासायचे नाहीत, नुसती चूळ भरायची, हे शिकवलं. पोर दर आठवड्याला गुपचूप यायची. शेवटच्या खेपेला म्हणाली होती की आता दुपारचं जेवण पोटात राहतं, रात्रीचं अजून नाही. सुकर्तीला आपल्या हातानं एवढं चांगलं काही झाल्याचं आठवत नव्हतं.

नियांगच्या 'बरं'चा अर्थ आठवडाभरात कळला. वाडीच्या बैठकीत ठराव झाला, की सुकर्ती देवळाच्या कामाला हजर राहत नाही, कुणाच्या मयताला भात शिजवायला येत नाही, दवाखान्याचं निमित्त सांगते. म्हणून तिला वाळीत टाकावं. निमित्त खोटं नव्हतं, हीच त्यातली मेख. निम्मी वाडी कामं चुकवते, पण ठराव एकटीवर होतो. कारभारी तांत्राबापानं ठराव वाचला तेव्हा तो जमिनीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून भाजीवालीच्या टोपलीतली भाजी सुकर्ती दिसली की संपायची. शेजारीण कुंपणावरून मिरच्या द्यायची ती थांबली. लोक दातदुखीवर लवंग धरून बसले, पण पायरी चढले नाहीत. पद्मीही यायची थांबली.

घरात तेवढी आई बोलत होती, आणि तिनं बोलू नये असं सुकर्तीला वाटायचं. म्हातारी अंथरुणाला खिळलेली, पण जिभेला लकवा नव्हता.

"काय असेल ते सांगून टाक. त्यांच्या घरचं त्यांच्या घरात जाईल," आई म्हणाली.

"आई, ती माझी रोगी आहे."

"आणि मी कोण?"

"तू आई."

"मग मी मेले की तुझ्या रोग्यांना सांग खांदा द्यायला." म्हातारीनं भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं तिकडूनच म्हणाली, "या वाडीतल्या एकूण एक मढ्याचा नैवेद्य या हातांनी रचलाय. माझ्या मढ्याला वाडीचा खांदा लागला पाहिजे. ते शहरातलं गॅसचं यंत्र मला नको. त्यात कुत्री पण जाळतात म्हणे."

"कुत्री नाही जाळत."

"तू बघायला गेली होतीस?"

ती मेली ती एका सकाळी, कॉफीचा पेला उशाशी असताना, निम्मा पिऊन. सुकर्तीनं तिचे डोळे मिटले, हनुवटीला पट्टी बांधली, आणि ऐकत बसली. वाडीत कुणी गेलं की चौकातला पोकळ ओंडक्याचा ढोल वाजतो, मग घराघरातून माणसं तांदूळ घेऊन निघतात. तो वाजवणार कोण? कुणाला सांगायलाच तोंड नव्हतं. ती उठली आणि तांत्राबापाच्या घरी गेली.

तांत्राबापा अंगणात झुंजीच्या कोंबड्याला चोळत बसला होता. सुकर्ती फाटकात उभी राहिलेली त्यानं पाहिली आणि मान फिरवली.

"बापा, आई गेली."

"कोंबड्या," बापा कोंबड्याला म्हणाला, "वाळीत टाकलेल्या बाईशी मी बोलत नसतो. तुझ्याशी बोलतोय, नीट ऐक. परवा थोरल्या घरी कानस आहे. आज वाडीत मयत झालं तर सगळ्यांना सुतक. मांडव उतरवावा लागेल, पाहुणे परत जातील, मुहूर्त पुन्हा पावसाळ्यानंतर. म्हणून, कोंबड्या, वाडीत मयत झालेलं नाही. म्हातारी झोपलीय."

"ती गार पडलीय, बापा."

"वय झालेलं माणूस गार पडूनही ढोल वाजेपर्यंत झोपलेलंच धरतात. आपल्याकडे चालत आलंय हे." त्यानं कोंबड्याचे पंख उलगडून पुन्हा मिटले. त्याचा आवाज जरा खाली आला. "तू थोरल्या घरी जा, कोंबड्या. जे विचारलंय ते सांग. मग म्हातारी कानस उरकल्यावर मरेल, आणि मी स्वतः पुढचा खांदा धरीन. माझ्या बापाचा नैवेद्य तिनंच रचला होता. मला काय कळत नाही होय? पण माझं घर थोरल्या घराच्या भिंतीला लागून आहे."

सुकर्ती घरी आली. आईच्या उशाशी ताज्या कॉफीचा पेला ठेवला, कारण झोपलेल्या माणसाला तो ठेवावाच लागतो. मग केस बांधले, कमरेला शेला गुंडाळला आणि गेली.

थोरल्या घरी नारळाच्या कोवळ्या पानांचे ढीग पडले होते, बायका टोपल्या विणत होत्या. सुकर्ती शिरताच त्यांच्या जिभा थांबल्या, बोटं नाही. मधल्या मंडपात नियांग सुपारी कातरत होती. पद्मी तिच्या शेजारी, अंगाला हळद लावलेली. सुकर्ती खालच्या पायरीवर बसली, जिथं तिची आई बसायची.

"आई कशी आहे?" नियांगनं विचारलं.

"झोपलीय."

"चांगलं आहे. या वयात झोप येत नाही लोकांना."

सुकर्तीनं पद्मीकडे पाहिलं. सबंध वाट ती एकच धरून आली होती, की पोर माझा चेहरा बघेल आणि स्वतःच बोलेल. तिच्या तोंडून निघालं तर कुणाची शपथ मोडत नाही.

"पद्मी," ती म्हणाली, "तू सांगतेस का?"

पद्मी आपल्या हळदीच्या नखांकडे बघत होती. "काय सांगू, डॉक? मी दात साफ करून घ्यायला आले होते."

मंडपात कुणाचा तरी चाकू पानातून सर्रकन गेला. सुकर्तीला पद्मीचा राग आला. खरं म्हणजे भीतीचा राग येऊ नये, पण आला, आणि त्या रागानं पुढचं सोपं केलं.

"ती जेवल्यावर ओकते," सुकर्ती म्हणाली. "मुद्दाम. घशात बोटं घालून. तीन वर्षं झाली. म्हणून दात झिजलेत. पोटुशी नाही."

सुपारी कातरायची थांबली. "ओकते कुठं?"

पद्मीचे डोळे आपोआप घरच्या देवळाकडे गेले, आणि नियांगनं ते पाहिले.

"म्हणजे पितरांच्या ताटातलं, पितरांच्याच पाठीमागं."

"ती आजारी आहे, नियांग. आणि ते तुमच्या बोलण्यानं झालंय. ताटावर बसल्या बसल्या तुम्ही तिला जे बोलता त्यानं."

"बोलण्यानं दात झिजत असते, तर तुझ्या आईच्या तोंडात एक राहिला नसता. तिला मी जन्मभर बोलले. ती जेवली आणि पचवलं." नियांगनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मग आता नुसतं टेकवणंबिकवणं नाही. जुन्या रीतीनं, सपाट. कुठला रिपू कुठल्या दातात बसलाय ते शोधत कोण बसणार? सहाच्या सहा खाली घ्या."

"नस उघडी पडेल. मी तेच सांगायला—"

"तू जे सांगायला आली होतीस ते सांगून झालं."

"जन्मभर पाणी पिताना दुखेल तिला."

"आठवण राहील. आणि तू डोक्याशी बसायचंस त्या दिवशी. शिकलेली आहेस, सरळ होतंय की नाही ते बघायला. आपलेच दात नि आपलेच ओठ, बाहेरचं माणूस कशाला बोलावू?" मग ती मागे वळून कुणाला तरी म्हणाली, "हिच्या घरी बर्फ पाठवा. म्हातारीला उकडत असेल."

बर्फ आला. चांगला, मोठ्या लाद्या. खोटं कशाला बोला, नियांगनं कबूल केलेलं कधी मोडलं नाही.

त्या दिवशी मांडवात घंटा, धूप, वाद्यं, पाहुण्यांची गर्दी. पद्मीला पांढऱ्या-पिवळ्या वस्त्रात निजवलं होतं, डोक्यावर सोन्याची फुलं, तोंड उघडं राहावं म्हणून दाढांमध्ये उसाचा तुकडा. सुकर्ती उशाशी बसली आणि पद्मीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. तिच्या घरात आई बर्फावर झोपलेली होती. सकाळी तिच्यापुढे भात ठेवून, मुठीतली कुबट फुलं बदलून ती आली होती.

कानस चालवणारा म्हातारा पिढीजात होता, पण हल्ली त्यालाही टेकवून उचलायचीच सवय झालेली. दोनचारदा फिरवून त्यानं हात थांबवला. "पुरे ना, नियांग?"

"तुझा बाप हात थांबवायचा का रे असा?"

म्हाताऱ्यानं पुन्हा कानस घेतली. आता आवाज बदलला. सुकर्तीला तो आवाज बोटांतून कळत होता. आधी कवचाचा कोरडा खर्रखर्र, मग आतला, मऊ, ओलसर. पद्मी हूं की चूं करत नव्हती. नियांगनं आपल्या वेळी हूं की चूं केलं नव्हतं, ही गोष्ट त्या घरात मुलींना अंगाईसारखी सांगत. मध्ये उठवून तिला पिवळ्या शहाळ्यात थुंकायला लावलं. त्या थुंकीत पांढऱ्या पिठाबरोबर एक लाल तार होती.

"दातवाले," नियांग म्हणाली, "बघ. सरळ झालं?"

सुकर्ती वाकली. डाव्या पुढच्या दाताच्या कडेला गुलाबी ठिपका दिसत होता, मोहरीच्या दाण्याएवढा. ती नस होती. शिकताना पहिल्याच वर्षी सांगतात, रोग्याला अपाय होताना दिसला तर समोरच्याचा हात धर, मग तो कुणीही असो. तिचे दोन्ही हात मोकळे नव्हते. मोकळे करता आले असते. मांडवाच्या कडेला तांत्राबापा बसला होता आणि तिच्याकडेच बघत होता.

"झालं, नियांग. सरळ आहे."

नियांग उठून आली. तिनं आपलं बोट पद्मीच्या दातांवरून फिरवलं, जसं बायका भिंतीवरची धूळ बघतात. "डावा सुळा अजून बोलतोय," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं सुकर्तीकडे पाहिलं. तिनं 'पुरे' म्हटलं असतं तर त्यानं कानस ठेवली असती. तो निमित्तच शोधत होता. पद्मीही तिच्याकडे बघत होती, खालून, उलट्या डोळ्यांनी. ती आजीकडे बघत नव्हती, म्हाताऱ्याकडे नाही, कानशीकडेही नाही.

"थोडा उंच आहे," सुकर्ती म्हणाली, आणि डोकं घट्ट धरलं.

आई दुसऱ्या दिवशी उजाडता मेली. ढोल वाजला, लांबवर ऐकू गेला. घराघरातून बायका तांदूळ घेऊन आल्या, पुरुषांनी बांबू चिरले. जी शेजारीण मिरच्या द्यायची थांबली होती तिनं मसाला वाटायचा पाटा ओढून घेतला आणि कुठं खोबरं आहे, कुठं मीठ आहे, असं विचारू लागली, जणू कालच आली होती. थोरल्या घरून पांढऱ्या कापडाचा तागा आला. पुढचा खांदा तांत्राबापानं धरला. वाटेत प्रत्येक वळणावर त्यांनी तिरडी गरगर फिरवली, आत्म्यानं परतीची वाट विसरावी म्हणून, आणि आरोळ्या दिल्या. एवढ्या थाटाची नैवेद्यवालीची यात्रा वाडीनं पाहिली नव्हती. म्हातारीला हवं होतं तसंच झालं, त्यात उणं काढायला ती स्वतःही असती तर तिला जागा सापडली नसती.

दवाखानाही पुन्हा चालू लागला. लोक आले, आडवे झाले, तोंडं उघडली. पण सुकर्तीनं, "हा दात कसा तुटला?" असं विचारलं की उत्तर एकच, "असाच." बायकोनं मारलेला असो की नवऱ्यानं, दारूत पडलेला असो की अफूनं सडलेला, सगळ्यांचं असंच. एकीनं तर तिचा हात तोंडात असतानाच हसून दाखवलं, की बाई, इथं जपूनच आ करावा लागतो.

सुतक फिटल्यावर पद्मीचं लग्न झालं. लग्नात ती बारीक दिसत होती, कंबर मुठीत मावेल अशी. तिला गार लागत होतं, गरम लागत होतं, वारा लागत होता. ती फक्त कोमट पेज घ्यायची. "आता कशी दिसते बघा," नियांग पाहुण्यांना म्हणाली.

लग्नानंतर सुकर्तीनं आपली पेटी घेतली आणि पद्मीच्या सासरी गेली. फाटकाशी पद्मी स्वतःच आली. ओठ मिटलेले, वरचा ओठ सदा ताण दिल्यासारखा.

"वाऱ्यानं दुखतं ना?" सुकर्ती म्हणाली. "मी काही विचारणार नाही. कुणाला कळणारही नाही. नुसती नस बंद करते, ठणका थांबेल. तुझ्याकडून दुसरं काही नको मला."

पद्मीनं ऐकून घेतलं. मग तोंडावर हात धरून, हवा आत जाऊ नये अशा बेतानं ती म्हणाली, "आईचं सगळं नीट झालं ना, डॉक?"

"झालं."

"मग बरं," पद्मी म्हणाली आणि तिनं फाटक लावून घेतलं.